पश्चिमकाळ

२०२४ साली राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या आमच्या उपासाच्या दिवसांचा पहिला दिवस, नेमका १४ फेब्रुवारीला आला. अख्खं जग लाल फुगे घेऊन फिरतंय आणि आम्ही वसईचे कॅथलिक कपाळाला राख लावून. मी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, करून तसाच लोकलमध्ये चढलो तर शेजारचे काका म्हणाले, "काय, पंढरपूर का?" लांबून ते बुक्क्यासारखंच दिसतं, त्यांची काही चूक नाही. मी पण हो म्हटलं. सकाळच्या गर्दीत एका पायावर उभं राहून कोण धर्म समजावत बसणार.

पण घरी पाच वर्षांची कन्या आहे आणि तिथे नुसतं "हो" म्हणून सुटता येत नाही. राख लावताना फादर म्हणतात की तू माती आहेस आणि मातीलाच परत मिळणार. हे आपण ऐकतो, दोन मिनिटं गंभीर होतो आणि बाहेर येऊन बाईक कुठे लावली ते शोधतो. हिने ते मनावर घेतलं. संध्याकाळी अंघोळीला यायलाच तयार नाही. का, तर "मी माती आहे ना, पाणी टाकलं की चिखल होईल". बायकोने माझ्याकडे असं बघितलं की जणू ते वाक्य मीच लिहून फादरना दिलं होतं.

मग मी ठरवलं की यंदा हिला ईस्टरपर्यंत, म्हणजे येशू कबरेतून उठला त्या सणापर्यंत, सगळं नीट समजावायचं. पहिली ठेच नावालाच लागली. या दिवसांचं नाव प्रायश्चित्तकाळ, आणि हा शब्द पाच वर्षांच्या तोंडात मावत नाही, तिने त्याचं 'पश्चिमकाळ' केलं. वसईत पूर्व-पश्चिम रोज कानावर पडतं त्यामुळे तिला वाटलं हे स्टेशनच्या पश्चिमेलाच असतं. पूर्वेची मावशी रविवारी मटण घेऊन आली तेव्हा तिला दारातच सांगितलं, "तुमच्याकडे नसतो गं, आमच्याकडे पश्चिमकाळ आहे".

मग त्याग. म्हटलं या दिवसांत आपल्याला खूप आवडतं ते सोडायचं. तिने लगेच भेंडी सोडली. बऱ्याच वाटाघाटी होऊन चॉकलेटवर आलो, पण मग मलाही काहीतरी सोडावं लागलं आणि मी जोशात चहा बोलून गेलो. खरं तर चर्चचा नियम असा की मांस वर्ज्य चौदा वर्षांपासून पुढे आणि उपास अठरापासून, म्हणजे हिला कसलीच सक्ती नाही. पण हे तिला सांगितलं असतं तर माझ्यावर लक्ष ठेवायला कोण राहिलं असतं? ती रोज संध्याकाळी दारात उभी. "डॅडी, तोंड उघड. हा कर." नाकाबंदीला पोलीस करतात ना, अगदी तसंच. स्टेशनबाहेरचा कटिंग लपवायला मी बडीशेप खाऊन यायला लागलो तर चौथ्या दिवशी तिने आजीला रिपोर्ट दिला की डॅडी रोज हॉटेलात जेवून येतात.

त्यात माझ्याकडून एक मोठा गाढवपणा झाला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात, पण रविवार धरत नाहीत म्हणून ४०, हे मी तिला बोटांवर शिकवलं. तेवढं गणित तिला एका फटक्यात कळलं. आठवडाभर मिळालेली सगळी चॉकलेटं कंपासपेटीत आणि कंपासपेटी फ्रिजमध्ये. रविवारी मिस्सा संपली की लायनीत सहा! सोमवारी दात दुखला, तर म्हणाली देवासाठी दुखतोय.

शुक्रवारचा विषय मी मुद्दाम काढला नव्हता. शुक्रवारी मांस नाही पण मासळी चालते, आणि वसईच्या माणसाने पापलेट खाऊन त्याग केला म्हणणं हे जरा अवघडच आहे. आजी मात्र त्या दिवशी पेज आणि लोणचंच खाते, बोलत काही नाही, आम्हाला तुकड्या तळून वाढते. ते जास्त लागतं.

त्या वर्षी झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, आणि होळी एकाच दिवशी आली, २४ मार्चला. महिनाभर जांभळा झगा घालणारे फादर त्या दिवशी नियमाप्रमाणे लाल झग्यात आले आणि ही हातातली झावळी हलवत जोरात ओरडली, "फादरना रंग लावला!" संध्याकाळी शेजारून पुरणपोळ्या आल्या. चॉकलेट सोडलंय, पोळी नाही, असा निकाल तिने स्वतःच दिला आणि तीन खाल्ल्या.

गुड फ्रायडेला मात्र मी हरलो. क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणाच्या वाटेची प्रार्थना, चालली होती, दुपारचं ऊन, सगळे गुडघ्यावर. आजी रडत होती. दरवर्षी रडते, पण आमचे बाबा आदल्या पावसाळ्यात गेले, तेव्हा यंदाचं रडणं कोणासाठी ते विचारायची गरज नव्हती. हिने तिच्या पदराला धरून भर शांततेत सांगितलं, "आजी, रडू नको. रविवारी उठणारेय तो, मला माहितेय". पुढच्या दोन रांगा खांदे हलवत हसल्या. आणि मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "आजोबा कुठल्या रविवारी?"

मी म्हटलं शू, प्रार्थना कर.

शनिवारी रात्रीच्या विधीला नवा अग्नी पेटवला, मोठी मेणबत्ती आली. तिच्यावर २०२४ कोरलेलं बघून हिने बायकोला विचारलं ही एक्सपायरी आहे का, आणि वाचनं सुरू होताच माझ्या खांद्यावर झोपली. चाळीस दिवस जिची वाट बघितली ती ईस्टरची घंटा वाजली तेव्हा ही घोरत होती.

सकाळी मार्झिपॅनची, म्हणजे सुक्यामेव्याच्या मिठाईची, अंडी आली. अंडंच का, तर म्हटलं युरोपात पूर्वी या दिवसांत अंडीपण खात नसत, कोंबड्या काही थांबत नव्हत्या, मग ईस्टरला ढीग साठायचा. शिवाय बंद कवचातून पिल्लू येतं तसं बंद कबरेतून... "येशू अंड्यातून आला?" मी चहाचा कप उचलला. पहिला हक्काचा चहा, मला तो शांतपणे प्यायचा होता.

नंतर सगळे दफनभूमीत गेलो. आजीने फुलं ठेवली, मेणबत्ती लावली. हिने फ्रॉकच्या खिशातून मार्झिपॅनचं अंडं काढून बाबांच्या नावाखाली ठेवलं, उठले की भूक लागेल म्हणून. अंडं अर्धं होतं, दाताच्या खुणांसकट.

"अर्धंच का गं?" आजीने विचारलं.

"आजोबांना शुगर आहे ना."