कुत्रा घ्यायचाय, पण कुठला?

कुत्रा आणायचा ठराव आमच्या घरात मार्चमध्ये एकमताने पास झाला आणि तेव्हापासून घरात दुसऱ्या कशावरच एकमत झालेलं नाही. डोंबिवली, तिसरा मजला, वन बीएचके, कबुतरांसाठी जाळी ठोकलेली एक बाल्कनी, त्यात आम्ही चार माणसं. आजवरचा पाळीव प्राण्याचा अनुभव म्हणाल तर एक मांजर, तेही आपणहून आलेलं नि आपणहून गेलेलं.

लेकीला हस्की पाहिजे. का, तर निळे डोळे. तिला म्हटलं, अगं तो सैबेरियात बर्फातून गाडी ओढणारा प्राणी, त्याला इथल्या मे महिन्यात एसी लावावा लागेल, जो आपण माणसांसाठीसुद्धा रात्री अकरा ते दोनच लावतो. तर म्हणते, मग बरंच की, मलापण गार लागेल.

बायकोचं मत बीगलला. आटोपशीर अंग, मऊ कान, चेहऱ्यावर कायम 'मी काय केलं?' असा भाव. पण हा मूळचा सशाच्या शिकारीचा, एकदा वास लागला की मालक-बिलक सगळं विसरतो, आणि नुसता भुंकत नाही, चांगला लांब हेल काढतो. आमच्याकडे कुकरची एक शिट्टी जास्त झाली तरी सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा होते हो.

मला स्वतःला जर्मन शेफर्ड पाहिजे होता. लहानपणी शाळेच्या वाटेवर एका बंगल्याला 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी होती, तेव्हापासून ती पाटी आपल्या दाराला असावी असं फार वाटायचं, कुत्रा नसला तरी चालेल. बायको म्हणाली, राखायला आहे काय आपल्याकडे, तो हप्त्यावरचा टीव्ही?

ऑफिसातला सांगलीचा एकजण मुधोळ हाउंडच्या मागे लागला होता. आपल्या मातीतला कुत्रा, २००५ साली टपाल तिकीट निघालंय त्याच्यावर, कुठे त्या परदेशी ब्रीडच्या नादाला लागता वगैरे. सगळं पटलं, पण ते वाऱ्यासारखं पळणारं जनावर आणि आमचा पॅसेज अकरा फुटांचा, म्हणजे पहिल्याच झेपेत ते शेजाऱ्यांच्या देवघरात.

मग मी पगवर आलो, कारण त्याला फार फिरवावं लागत नाही असं ऐकलेलं. लेकीने मोबाईलवरून मोठ्याने वाचायला घेतलं, उकाडा सोसत नाही, जरा चाललं की धाप लागते, घोरतो, वजन पटकन वाढतं. बायको गवार मोडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "एक आहे की घरात."

शेवटी गेलो एका प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. वाटलं लसींचं, खाण्याचं सांगतील, एखादी ब्रीड सुचवतील. तर ते माझीच चौकशी करायला लागले. सकाळी किती वाजता उठता? गावाला गेलात तर कोण सांभाळणार? पावसात खाली कोण नेणार? घरी चार माणसं आहेत म्हटल्यावर म्हणाले, एकाचं नाव सांगा. बायको, लेक आणि आई, तिघींनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, ब्रीडचं नंतर बघू, आधी ओळखीतला एखादा चार दिवस सांभाळून बघा.

वरच्या मजल्यावरच्या काकांना कोल्हापूरला लग्नाला जायचं होतं, त्यांचा लाडू आमच्याकडे आला. लॅब्रॅडॉर, वय सात, वजन विचारू नका. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भूक भागूच न देणारा जनुकीय बदल सापडला होता, तो चौथा म्हणजे हाच. ह्यांचे पूर्वज न्यूफाउंडलंडला कोळ्यांबरोबर समुद्रात उतरायचे म्हणे, ह्याने पहिल्या दिवशी आमच्या पिण्याच्या पाण्याच्या बादलीत दोन्ही पाय घातले. केस सगळीकडे, सोफ्यावर, माझ्या काळ्या पँटवर, आमटीत. आणि बरोबर पावणेसहाला माझ्या तोंडावर त्याचा गरम श्वास, की उठ. मी लेंग्यावरच खाली, हातात वर्तमानपत्राचा कागद, आणि हा एकेक टायर असा हुंगतोय जसं काय गाडी विकत घ्यायचीय, मी आपला 'कर रे बाबा, कर' म्हणत उभा.

आई पहिल्या दिवशी म्हणाली होती, माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत नको. लाडूने ते तंतोतंत पाळलं, पुढचे दोन पाय आणि तोंड फक्त उंबऱ्यावर ठेवायचा. तिसऱ्या दिवशी पोळी तव्यावरून थेट त्याच्या तोंडात जायला लागली, वर 'फुंकर घालून देते हो, भाजेल' हे वेगळं. मला आजवर कधी फुंकर घालून मिळालेली नाही.

चौथ्या दिवशी काका आले, लाडू शेपटी आपटत जिना चढून गेला, वळूनसुद्धा बघितलं नाही मेल्याने.

ब्रीडचं अजून ठरलेलं नाही. पण परवा ऑफिसला निघताना बघितलं तर ओट्यावर एक पोळी वेगळी काढून ठेवलेली, तूप लावून, वर ताटली झाकून. आईला विचारलं, ही कोणाची?

"कावळ्याला," म्हणाली, आणि जाळीकडे बघायचं टाळलं.