पी आयलंडच्या पदकाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पी आयलंड हे अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं, बुडत्या जहाजांवरची माणसं वाचवणारं ठाणं. तिथल्या सात काळ्या जीवरक्षकांना 1896मधल्या एका बचावासाठी 1996मध्ये पदक दिलं गेलं. त्यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप दोन. ही माणसं सरकारी पगार घेत होती, नेमून दिलेलं काम त्यांनी केलं, मग एवढं कौतुक कशाचं? आणि शंभर वर्षांनी दिलेलं पदक कर्तृत्वापेक्षा कातडीच्या रंगाला दिलंय. शिवाय गोऱ्या जीवरक्षकांबद्दल मी लिहीत नाही, अशी एक तक्रार.

आधी पगाराचं. तो मिळायचा, पण हंगामापुरता, आणि निवृत्तिवेतन नव्हतं. तरी ते बाजूला ठेवू. 11 ऑक्टोबर 1896च्या रात्री नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर 'ई. एस. न्यूमन' हे तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज वादळात फुटत होतं. पुळणीवरून पाणी वाहत होतं, इतकं की नेहमीची गस्तही थांबवली होती. थिओडोर मीकिन्स या जीवरक्षकाला ठाण्यावरूनच अंधारात इशाऱ्याचा उजेड दिसल्यासारखा वाटला. खात्रीसाठी त्याने मशाल पेटवली, आणि पलीकडून अंधूक उत्तर आलं.

अशा वेळी नेमून दिलेलं काम म्हणजे छोट्या तोफेने जहाजावर दोर फेकायचा, किनाऱ्याकडचं टोक वाळूत नांगर पुरून ताणायचं आणि त्यावरून एकेकाला ओढून आणायचं. सामानाची गाडी खेचत ते तिथवर पोहोचले खरे, पण नांगर पुरायला कोरडी वाळूच उरली नव्हती. होडी घालणंही अशक्य. तेव्हा ठाणेप्रमुख रिचर्ड एथरिजने दोघांना एका जाड दोराने एकमेकांशी बांधलं, दुसरा दोर त्यांच्या हाती दिला आणि लाटांत सोडलं. किनाऱ्यावरचे बाकीचे टोक धरून उभे. आधी कप्तानाचं तीन वर्षांचं मूल आलं, मग त्याची बायको, मग बाकीचे. दमलेली जोडी बाहेर येई, दुसरी आत जाई. नऊच्या नऊ माणसं वाचली. यातलं नेमून दिलेलं काम कोणतं, ते तुम्हीच सांगा.

आता रंगाचं. तो विषय मी लेखात ओढूनताणून आणलेला नाही, त्या ठाण्याच्या इतिहासातच तो आहे. एथरिज जन्माने गुलाम. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढलेला. जीवरक्षकांना कसबाप्रमाणे क्रमांक असत, आणि शेजारच्या बॉडी आयलंड ठाण्यावर त्याच्या वाट्याला सहावा, म्हणजे सगळ्यात खालचा क्रमांक होता. तपासणी अधिकाऱ्यांनी मात्र त्या किनाऱ्यावरच्या उत्तम जीवरक्षकांत त्याची गणना केली, आणि 1880मध्ये तो पी आयलंडचा प्रमुख झाला. गोरे जीवरक्षक ठाणं सोडून गेले, आसपासचे काळे जीवरक्षक तिथे आले. काही महिन्यांत ठाण्याची इमारत जळाली, आणि ती कुणीतरी जाळली असाच संशय होता. अशा ठिकाणी एथरिजने आपल्या माणसांकडून इतका कडक सराव करून घेतला की हे ठाणं त्या किनाऱ्यावर शिस्तीसाठी ओळखलं जाऊ लागलं. न्यूमनच्या रात्रीमागे ही सोळा वर्षं आहेत, आणि मला त्यांचंच जास्त अप्रूप आहे.

पदकाचा मुद्दा तुम्ही उलट्या बाजूने पाहताय असं मला वाटतं. 1899मध्ये त्याच किनारपट्टीवर रॅस्मस मिजेट या गोऱ्या जीवरक्षकाने 'प्रिसिला' जहाजावरचे दहा जण एकट्याने वाचवले. त्याला सुवर्णपदक मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. 1905मध्ये केप लुकआउटच्या जीवरक्षकांनी एक बचाव केला, तेव्हा अख्ख्या तुकडीला सुवर्णपदकं मिळाली. हे सगळेही पगारीच होते. मग पी आयलंडच्या सातांना 1896 साली काहीच का मिळालं नाही? रंग आडवा आला तो तेव्हा. 1996चं पदक ही त्याची थकलेली बाकी आहे. तीसुद्धा अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं शोधली, एका शाळकरी मुलीने राजकारण्यांना पत्रं लिहिली, म्हणून फिटली. एथरिज तर 1900मध्येच, नोकरीत असतानाच गेला होता.

गोऱ्या जीवरक्षकांबद्दल मी लिहीत नाही, ही तक्रार मान्य नाही, पण मिजेटवर स्वतंत्र लेख लिहिण्यासारखा आहे आणि तो मी लिहिणार आहे. वाचून जरूर कळवा.