"सर, हे लेडीजसाठी आहे"

मागच्या महिन्यात आमच्या इथल्या मंगल कार्यालयात हाडांच्या तपासणीचा फुकट कॅम्प होता. बाहेर मोठं बॅनर, आत मशीनमध्ये टाच ठेवायची आणि हाडं किती ठिसूळ झालीत ते चिठ्ठीवर लिहून द्यायलेत. मीपण चप्पल काढून लाईनीत उभा राहिलो. नंबर आल्यावर टेबलावरचं पोरगं म्हणलं, "सर, हे लेडीजसाठी आहे." मागच्या दोन-तीन बाया फिस्सकन हसल्या. मी म्हणलं बाबा, माझा मणका आधीच मोडलेला आहे, माझा टी-स्कोर (हाडांच्या घनतेचा आकडा, जितका मायनस तितकं हाड ठिसूळ) मायनस 3.1 आहे, मला तुझी मशीन नकोच, मी निस्तं बघायला आलतो गड्यांना कोणी विचारतंय का. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या काकूंना हाक मारली.

तर पोस्ट त्याच्यावर आहे, गड्यांची ठिसूळ हाडं आणि टेस्टोस्टेरॉन नावाचं पुरुषाचं हार्मोन. लांब होणार आहे आणि जरा खाजगी पण आहे, शाळेच्या ग्रुपवरच्यांनी हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर, लातूर जिल्हा, वय 54. सहा वर्षांमागं गुडघे धरायला लागले म्हणून एका पाव्हण्यानं एका पुडीवाल्याकडं नेलं. कागदाच्या पुड्या, पांढरी पावडर, सकाळी एक संध्याकाळी एक. तिसऱ्या दिवशी मी जिने चढायलो पोरासारखा! तीन वर्षं खाल्ली. तोंड गोल झालं तर लोक म्हणायचे गुरुजींना मानवलंय, पोट सुटलं, हाताला जरा कुठं लागलं की काळंनिळं. पुडीत काय होतं हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, ही माझीच चूक, दुसऱ्याला काय बोलू.

आणि त्याच काळात दाढी. आधी रोज करावी लागायची, मग दोन दिवसांनी, शेवटी शेवटी आठवडाभर नाही केली तरी हेडमास्तरांच्या ध्यानात यायचं नाही. मला वाटलं बरंच झालं, ब्लेड वाचलं. दुपारी वर्गात खुर्चीवर डोळे मिटायचे. चिडचिड. बाकीचं लिहीत नाही, लग्न झालेल्यांना कळतं. बायको एकदा हळूच म्हणाली, "अहो, डॉक्टरला दाखवा की." मी तिच्यावरच डाफरलो. वय झालं म्हणून विषय बंद केला.

आमचा टेलर मात्र हुशार निघाला. त्याच्या वहीत माझी मापं वीस वर्षांची आहेत. दिवाळीचा शर्ट घालून आरशासमोर उभा केलं तर म्हणतो गुरुजी, पँट बरोबर बसली, शर्ट पुढून खाली लोंबायलाय अन् मागून वर चढायलाय, तुम्ही वाकून उभे राहू नका. मी ताठच उभा होतो! तेव्हा मणके बसायला लागलेत हे त्याला कळायचं कारण नाही, मलाही नाही. पण आता कुणी म्हणलं की उंची कमी झाली, पाठीत पोक आलं, शर्ट लोंबायलाय, तर मी त्याला सरळ एक्सरे काढ म्हणून सांगतो.

मग एक दिवस गाडीवरून गावाकडं चाललतो, बायको मागं, न रंगवलेला स्पीडब्रेकर आला आणि गाडी आदळली. पडलो नाही. निस्ता आदळलो आणि कमरेच्या वर कट्ट आवाज. एक्सरेत पहिला कमरेचा मणका पुढून पाचरीसारखा दबलेला.

आता माझा राग इथं आहे. डॉक्टरांनी पट्टा दिला, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, जड उचलू नका म्हणले, संपलं. 51 वर्षांच्या गड्याचा मणका न पडता मोडतो कसा हे एकानं विचारलं नाही. बाईचं असतं तर पाळी कधी गेली, पिशवी काढली का, हे तरी विचारलं असतं (आपल्या भागात ऊसतोडीच्या किती बायांच्या पिशव्या काढल्यात ते सगळ्यांना माहिती आहे, त्यांच्या हाडांवर वेगळी पोस्ट लिहायला पाहिजे). गड्याला विचारायचंच काय, त्याला पाळी नाही ना. त्यानंही आपणहून सांगायचं नाही. दोघंही लाजायलेत आणि मधल्यामधी मणका जातो.

सहा-सात महिन्यांनी पोरीनं बळंच हार्मोनच्या डॉक्टरकडं नेलं. तिच्या वयाच्याच एक मॅडम. फाईल बाजूला ठेवून पहिला प्रश्न, "काका, दाढी किती दिवसांनी करता?" मी पोरीकडं बघितलं, मॅडमनी तिला बाहेर बसायला सांगितलं, आणि मग मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं बोललो. माझं गोल तोंड आणि दंडावरची पातळ कातडी बघूनच त्या म्हणल्या की पुडीत स्टिरॉईड होतं. स्टिरॉईड हाड तयार करणाऱ्या पेशींना डायरेक्ट मारतं, आणि वरून मेंदूतनं टेस्टोस्टेरॉनसाठी जाणारा निरोप पण दाबतं, म्हणजे दोन्हीकडनं मार. (कुणी अशी पुडी खात असेल तर हे वाचून आजच एकदम बंद करू नका हां! शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड झोपलेलं असतं, एकदम बंद केलं तर बीपी पडून जिवावर बेततं. डॉक्टरला दाखवून हळूहळू कमी करायची.)

सकाळी आठला उपाशीपोटी रक्त, परत दोन आठवड्यांनी तसंच. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दुपारी घसरतं, म्हणून दुपारच्या एका रिपोर्टवर कुणी तुम्हाला इंजेक्शन टोचत असेल तर उठून या. तरण्या निरोगी माणसाचं साधारण 264 ते 916 (नॅनोग्रॅम/डेसिलिटर) धरतात, माझं दोन्ही वेळा 170 च्या आसपास. मग डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, ही टाचेची नाही, कमरेची आणि खुब्याची. टी-स्कोर मायनस 2.5 किंवा त्याच्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ व्हायचा आजार.

मॅडमनी एक गंमत सांगितली ती माझ्यातल्या मास्तरला लई आवडली. पुरुषाच्या हाडाला सांभाळतं ते बरंचसं इस्ट्रोजन, जे आपण बाईचं म्हणतो ते! आपल्याच टेस्टोस्टेरॉनमधनं थोडं शरीर ते बनवतं. 1994 साली अमेरिकेतल्या एका 28 वर्षांच्या माणसाची केस छापून आली, त्याचं टेस्टोस्टेरॉन ठीक, पण जन्मतः इस्ट्रोजन त्याच्या शरीराला लागूच पडत नव्हतं. उंची 204 सेंटीमीटर आणि अजून वाढायलाच, कारण हाडांची टोकं जुळलीच नव्हती, आणि एवढ्या आडदांड माणसाची हाडं ठिसूळ. म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी झालं की इस्ट्रोजनचा कच्चा मालच कमी होतो, आणि हाडाची झीज भरून निघण्यापेक्षा जास्त व्हायला लागते.

आता आपल्याकडं हे कुठं लिहिलेलं असतं? बसस्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर. गुप्तरोग, मर्दानगी, कमजोरी, खाली मोबाईल नंबर. रोडच्या कडेला तंबू ठोकून जडीबुटीवाले बसलेत ते वेगळेच. सगळा विषय पलंगावर नेऊन ठेवला म्हणून माणूस तंबूत जातो नाहीतर गप्प बसतो, आणि हाड कुणाच्याच ध्यानात राहत नाही. माझं सगळं भांडण ह्याच्याशी आहे.

शहरात उलटं खूळ. जिमच्या पोरांपासून पन्नाशीच्या ठेकेदारापर्यंत सगळ्यांना टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन पाहिजे. माझ्या मावसभावाला कळालं तर तो म्हणला मग सोपंय, इंजेक्शन घे, हाडं टणक. मलाही तसंच वाटलतं. पण तसं नाही. 2017 मध्ये छापलेल्या एका ट्रायलमध्ये 65 च्या पुढच्या पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं जेल लावलं तर मणक्याची घनता खरंच वाढली. मग 2024 च्या जानेवारीत मोठ्या ट्रायलचा निकाल आला, ट्रॅव्हर्स म्हणून, 5204 पुरुष, वय 45 ते 80, टेस्टोस्टेरॉन कमी आणि हार्टचा आजार किंवा त्याचा धोका असलेले. तीन वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं. खोटं जेल लावणाऱ्यांत 64 जणांची हाडं मोडली आणि खरं लावणाऱ्यांत 91 जणांची! जास्त! स्कॅनवर घनता दिसणं वेगळं आणि हाड न मोडणं वेगळं. म्हणून ज्याची हाडं आधीच ठिसूळ आहेत त्याला हाडाचं औषध वेगळं लागतं, इंजेक्शनच्या भरवशावर बसायचं नाही.

मला वर्षातनं एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन देतात, 5 मिलिग्रॅम. आधी किडनीचं क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम बघितलं, दात दाखवून घ्यायला लावले. पहिल्या वेळी दोन दिवस ताप आला, बायको घाबरून गेली, दुसऱ्या वर्षी काहीच नाही. काहींना आठवड्याची गोळी देतात, ती उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. टेस्टोस्टेरॉनपण चालू आहे कारण स्टिरॉईड सुटल्यावरही माझं वर आलं नाही, पण त्यासाठी रक्त घट्ट व्हायलंय का, प्रोस्टेट ग्रंथीसाठीची पीएसए नावाची रक्ततपासणी, हे बघत राहतात. आणि तरण्या पोरांनो, बाहेरनं टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्रजंतू बनणं कमी होतं नाहीतर बंदच पडतं, लग्नाआधी एवढं ध्यानात ठेवा.

मावसभावानं दुसरं कारण पण काढलं, तू नसबंदी केलीस म्हणून झालं. नाही रे बाबा. नसबंदीत फक्त शुक्रजंतूंची नळी बंद करतात, टेस्टोस्टेरॉन तर थेट रक्तात जातं, त्याला त्या नळीची गरजच नाही. असल्या गैरसमजांपायी पण आपल्याकडं ऑपरेशनचा बहुतेक भार बायकांवर पडलाय.

प्रोस्टेटच्या कॅन्सरवाल्यांचं तर वेगळंच, तिथं टेस्टोस्टेरॉन मुद्दाम बंद करायचीच इंजेक्शनं देतात. ते लागतंच. पण घरात असं कुणी असेल तर डॉक्टरांना हाडांचं काय म्हणून विचारा, झीज भराभर होते.

खाण्याचं सांगतो. ज्वारीची भाकरी खाणाऱ्याचं हाड मोडत नाही असं आमची आई म्हणायची, मी अजून रोज भाकरीच खातो, पण ज्वारीत कॅल्शियम शंभर ग्रॅमला 25-30 मिलिग्रॅम, आणि दिवसाला लागतं हजार. तिळात शंभर ग्रॅमला हजाराच्या वर आहे, पण शंभर ग्रॅम तिळाची चटणी कोण खाणार. अर्धा लिटर दुधात 600 च्या आसपास मिळतं, ते आपण डेअरीला घालतो आणि घरात चहापुरतं ठेवतो. उन्हाचं म्हणाल तर मराठवाड्यात ऊन काय कमी आहे? तरी माझं व्हिटॅमिन डी 11, म्हणजे लई कमी निघालं, दिवसभर वर्गात आणि बाहेर पडलं की डोक्याला-तोंडाला रुमाल. तंबाखू सोडली, हे सगळ्यात अवघड गेलं, अजून शेजारी कुणी मळायला लागलं की हात पुढं जातो.

खाली वाकून पायाचे अंगठे धरणं बंद, मणका दबलेल्याला ते चालत नाही. चालणं, जिने, फिजिओनं शिकवलेलं पाठीचं. आणि न्हाणीतली शहाबादी फरशी ओली असली की काच असते नुसती, तिथं पकडायला पाईप बसवून घेतला, 400 रुपयांत. खुब्याचं हाड बायांचं जास्त मोडतं हे खरंय, पण मोडल्यावर वर्षाच्या आत दगावायचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे. म्हणून पाईप.

कॅम्पवाल्या पोराचा राग नाही मला, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. बॅनर छापणाऱ्यांना मात्र फोन केलतो, पुढच्या वेळी पन्नाशीच्या पुढच्या गड्यांनापण बसवा म्हणून. बघू म्हणले.

माझी पुढची डेक्सा दिवाळीनंतर आहे. मायनस 3.1 वरनं कुठं आलो ते इथंच टाकीन. आणि ज्यांना कमेंटमध्ये विचारायला लाज वाटायली त्यांनी इनबॉक्समध्ये विचारा, कालपासून चौघांनी विचारलंय, चौघंही ग्रुपवर हसणारेच.