दोन हातांवर दोन वेगळे सुगंध लावू नयेत? लावाच!

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चारदा आला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, नणंदेकडून आणि शेवटी मावशीकडून. मजकूर असा: दोन विरुद्ध प्रकारचे सुगंध एकाच वेळी कधीही तपासू नका. नाक बधिर होतं. दोन्ही मिसळून भलताच तिसरा वास येतो. मध्ये कॉफीच्या बिया हुंगल्याशिवाय दुसरी बाटली उघडू नका. मनगटं घासू नका, रेणू तुटतात. कागदी पट्टीवर पहिल्या मिनिटात जो आवडेल तोच तुमचा.

मावशीने तो नुसता पुढे पाठवला असता तर मी सोडून दिलं असतं. पण नातवाच्या मुंजीसाठी अत्तर घ्यायला आम्ही रविवार पेठेत गेलो, तेव्हा तिने तो पाळला. दुकानदारांनी तिच्या उजव्या मनगटावर लिंबू-संत्र्याच्या सालीसारखा ताजा वास येणारा एक स्प्रे मारला आणि काचेच्या काडीने हिना, म्हणजे धूर-मसाल्याच्या वासाचं अत्तर, लावायला डावा हात मागितला. मावशीने हात पदराखाली घेतला. ‘एका वेळी एकच,’ म्हणाली. एका फॉरवर्डमुळे सत्तरीतल्या बाईला हिना हुंगताही येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात ‘नाक बधिर होतं’पासून. नाक थकतं हे खरं. पण ते सरसकट थकत नाही. जो वास सतत येत राहतो त्या वासापुरतं थकतं. मार्केट यार्डातल्या फूलबाजारात सकाळी गेलात तर शिरताक्षणी निशिगंधाचा घमघमाट अंगावर येतो. ढिगाशेजारी तीन तास बसलेल्या बाईंना तो जाणवतही नाही. पण पलीकडच्या टपरीवर चहात ठेचलेलं आलं पडलं की त्यांची मान लगेच वळते. निशिगंधापुरतं त्यांचं नाक मिटलेलं असतं, आल्यासाठी ते उघडंच असतं.

माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात आणि प्रत्येक वास त्यांतल्या आपापल्या संचाला जागं करतो. हे कोडं उलगडल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४चं नोबेल मिळालं. यातून पुढची गोष्ट सरळ निघते. दोन वास जितके एकमेकांसारखे, तितका पहिल्याचा थकवा दुसऱ्याला जास्त बाधतो. दोन गुलाबांची अत्तरं पाठोपाठ हुंगा, दुसरं फिकं लागेल. लिंबानंतर हिना हुंगा, हिना जवळपास पुरता कळेल. म्हणजे मेसेजने जी जोडी टाळायला सांगितली, नेमकी तीच नाकाला सोपी.

ज्यांचं पोट नाकावर चालतं तेही असंच शिकतात. फ्रान्समधल्या ग्रास गावी १९४६मध्ये रूर कंपनीने सुगंधकारांसाठी शाळा काढली. तिथे झाँ कार्ल यांनी बसवलेल्या रीतीत विद्यार्थी आधी परस्परांपासून लांबचे वास शेजारी ठेवून हुंगतात आणि त्यानंतर एकाच घराण्यातले जवळजवळचे. गाणं ऐकणाऱ्या पुणेकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. भूप आणि भैरवी नवख्यालाही वेगळे कळतात. भूप आणि देसकार वेगळे काढायला कान तयार लागतो.

या मुद्द्यात एक गोष्ट मात्र मी मान्य करते. मॉलमधल्या काउंटरवर दहा मिनिटांत सात बाटल्या हुंगल्या की खरंच काही कळेनासं होतं. पण तो दोष सातचा आहे, दोनचा नाही.

दुसरा मुद्दा, तिसराच वास येण्याचा. एकाच मनगटावर दोन्ही लावले तर येणारच. ते मिश्रण झालं, तपासणी नव्हे. दोन हात कशासाठी आहेत? शिवाय दोन वास एकाच क्षणी नाकात गेले तरी दरवेळी खिचडी होतेच असंही नाही. राइस विद्यापीठातल्या वेन झोऊ आणि डेनिस चेन यांनी २००९मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एका नाकपुडीत गुलाबासारखा वास, दुसरीत मार्कर पेनासारखा, दोन्ही एकदम. लोकांना कधी गुलाब जाणवला, कधी पेन, आलटूनपालटून. मग एक हात मांडीवर ठेवून दुसरा नाकाशी नेल्यावर भलताच वास कुठून येणार? फक्त चार-चार फवारे मारू नका. त्याने सगळी खोली भरते आणि मग हात वेगळे ठेवून उपयोग नाही.

कॉफीच्या बियांबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या बेलॉइट कॉलेजमध्ये हे तपासून पाहिलं आणि २०११मध्ये निष्कर्ष छापला: मध्ये कॉफी हुंगा, लिंबाची फोड हुंगा की साधी हवा घ्या, पुढचा वास ओळखण्यात फरक पडत नाही. पडावा तरी का? कॉफी हाही शेकडो घटकांचा दणदणीत वासच आहे. दुकानाच्या पायरीवर येऊन चार श्वास घ्या, किंवा काही न लावलेल्या आपल्याच कोपरात नाक खुपसा.

मनगटं घासू नका हा सल्ला बरोबर आहे, कारण साफ चूक. हातावर हात चोळून रेणू तुटत असते तर उटणं लावताना काय झालं असतं! घासल्याने कातडी गरम होते आणि वरचा हलका वास लवकर उडतो, एवढंच. दोन मनगटांवर दोन सुगंध असतील तर घासल्याने ते मिसळतात, हे खरं कारण.

आता पहिल्या मिनिटाचा मुद्दा. माझा खरा राग यावर आहे, कारण यात लोकांचे पैसे जातात.

लिंबू-संत्र्याच्या सालीतला मुख्य घटक लिमोनिन, त्याचा रेणूभार १३६. चंदनातल्या सँटलॉलचा २२०. हलका रेणू भराभर उडतो, जड रेणू कातडीला धरून राहतो. त्यात स्प्रे असतो अल्कोहोलमध्ये, तो फवारताच उसळून येतो. जुन्या पद्धतीचं अत्तर असतं चंदनाच्या तेलात, ते सावकाश उमलतं. एकाचा बहर पहिल्या पाच मिनिटांत, दुसऱ्याचा चौथ्या तासाला. पहिल्या मिनिटाला दोघांची तुलना केली तर दरवेळी लिंबूच जिंकणार. आणि कागदी पट्टीला ना ऊब, ना घाम, ना कातडीचं तेल. दहा बाटल्यांतून दोन निवडायला ती ठीक आहे, त्या दोनांतून एक निवडायला नाही.

मावशीला मी हे दुकानातच समजावलं आणि तिने हात पुढे केला. साडेअकरा वाजले होते. उजवा हात हुंगून म्हणाली, ‘हा किती छान!’ डावा हुंगला आणि तोंड वाकडं केलं. ‘आडुळशाचा काढाच गं हा.’ दुकानदार शांतपणे म्हणाले, ‘आजी, आज घेऊ नका. संध्याकाळपर्यंत राहू द्या.’ विकायला बसलेला माणूस असं बोलला, याचं मला आजही अप्रूप आहे.

आम्ही मंडईत भाजी घेतली, रिक्षाने घरी आलो. एवढ्यात उजव्या हातावरचं लिंबू बरंचसं गेलं होतं. जेवणानंतर तिथे धुतलेल्या कपड्यासारखं काहीतरी उरलं, वाईट नाही, पण ओळख नसलेलं. डाव्या हातावरचा धूर-मसाला हळूहळू खाली बसला आणि त्यातून चंदन वर आलं, थोडं केशरासारखं. चारच्या चहाला मावशीने कप डाव्या हातात धरला होता आणि घोट न घेता ती मनगटच हुंगत होती. ‘सकाळी हाच होता ना?’ असं तिने दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही हिना घेतला. हातावर फक्त लिंबूच असतं, तर चारला ती त्या धुतल्या कपड्याच्या वासाची कशाशी तुलना करणार होती?

आपल्याकडे तर हे नवीन नाहीच. उन्हाळ्यात खस आणि थंडीत हिना वापरणारी माणसं विरुद्ध वासांना कधी घाबरली नाहीत.

तुम्हाला करून बघायचं असेल तर सकाळी वासाचा साबण आणि तेल टाळा. एका मनगटावर एक, दुसऱ्या हाताच्या कोपराच्या खळग्यात दुसरा. म्हणजे हात जवळ आले तरी ते भेटत नाहीत. कातडी नाजूक असेल तर थेंबभरच लावा. अल्कोहोल उडायला मिनिटभर द्या. मग वीस मिनिटांनी, जेवणानंतर, संध्याकाळी, दरवेळी आधी मंद वाटणारा हुंगा आणि नंतर उग्र. दोन शब्द कुठेतरी लिहून ठेवा, कारण सकाळचा वास दुपारी आठवत नाही. रात्री झोपताना पुन्हा एकदा दोन्ही हात हुंगा. उशीला लागलेला जो नकोसा वाटेल, ती बाटली घेऊ नका.