लोकरी पानांवर पाणी फवारायला कोणी सांगितलं?

धाकटी बहीण तिच्या लॅम्ब्ज इअरच्या झाडावर रोज दोनदा पाण्याचा फवारा मारते आणि वर मलाच विचारते, ‘तरी मधली पानं काळी का पडतायत?’ अगं बाई, तरी नाही, म्हणूनच!

तिच्याकडे आलेला मेसेज याच झाडाबद्दल आहे (शास्त्रीय नाव स्टॅकिस बायझंटिना). त्यात म्हटलंय: पानांवर सकाळ-संध्याकाळ पाणी फवारा, चांदीची चमक टिकते, दर आठवड्याला खत द्या, पान जखमेवर बांधा, जंतुसंसर्ग होत नाही, झाड सदाहरित, त्यामुळे देखभाल शून्य.

चमक टिकते? एक पान ओलं करून बघा. रुपेरी रंग जातो आणि खालचा हिरवा दिसायला लागतो. रंग पानाचा नाहीच, प्रकाश विखुरणाऱ्या दाट लवेचा आहे. तुर्कस्तान, इराणकडच्या या झाडाला ती लव कडक ऊन आणि कोरडी हवा सोसायला मदत करते. त्याच लवेत पाणी अडकून बसतं, लवकर वाळत नाही. पानं एकमेकांवर दाटलेली, आत वारा नाही. मग गाभ्यातलं पान आधी करडं, नंतर काळं होतं आणि बोट लावलं की बुळबुळीत लागतं. अमेरिकेतलं मिसूरी बोटॅनिकल गार्डन या झाडाबद्दल स्पष्ट सांगतं: निचऱ्याची जमीन हवी, वरून पाणी घालणं टाळा, दमट उन्हाळ्यात पानं कुजू शकतात. पाणी बुंध्याशी घाला, तेही वरची माती सुकल्यावर. दमट हवेत तर फवाऱ्याला हातच लावू नका.

खताचं थोडक्यात: नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत वाढतात, झाड फतकल मारतं आणि कुजायला आणखी सोपं होतं.

जखमेचं अर्धं खरं आहे, मान्य. ही मऊ पानं पूर्वी जखमेवर बांधत. पण तेव्हा निर्जंतुक पट्टी हाताशी नव्हती, आता आहे. मातीलगतचं, धूळ धरून ठेवणारं पान उघड्या जखमेवर ठेवून जंतुसंसर्ग टळेल कसा?

राहिलं ‘देखभाल शून्य’. सदाहरित झाडाचीही जुनी पानं मरतात, आणि इथे ती खालीच चिकटून कुजतात. ती हाताने ओढून काढावी लागतात. काही वर्षांनी मधला भाग विरळ होतो; तेव्हा कडेचे मुळं फुटलेले तुकडे वेगळे करून, अंतर सोडून लावा.