उन्हवऱ्याखाली ज्वालामुखी नाही!

‘आइसलँडच्या रेक्याविक शहरात ज्वालामुखीचं उकळतं पाणी थेट घराघरात सोडतात. उन्हवरे, तुरळ, राजापूरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांखालीही तसाच जिवंत ज्वालामुखी आहे’, असा मेसेज सध्या रत्नागिरी जिल्ह्यात फिरतोय. शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, म्हणून हा खुलासा.

आपल्याकडे जिवंत ज्वालामुखी नाही. कोकणातला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो केव्हाच थंड झालाय. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. घाबरू नका.

रेक्याविकची गोष्ट अर्धीच खरी आहे. १९३० साली तिथे इमारती ऊबदार करायला गरम पाण्याची पहिली वाहिनी शाळेपर्यंत गेली. काही भागांत बोअरवेलचं पाणी आजही थेट वापरतात. पण शहराबाहेर नेसयावेट्लिर इथे जमिनीतल्या उष्णतेवर चालणारं केंद्र आहे, तिथलं पाणी फार तापलेलं आणि खनिजांनी भरलेलं. नळांत त्याचा थर बसेल. म्हणून त्याच्या उष्णतेने साधं गोडं पाणी तापवतात. ते २७ किलोमीटर दूर शहरात पोचेपर्यंत जेमतेम २ अंश निवतं, कारण वाहिनीला उष्णतारोधक वेष्टन असतं.

घरं तापवायला ज्वालामुखी लागतोच असंही नाही. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये तर झरा नाहीच. वीजकेंद्रं आणि कचरा जाळणारे प्रकल्प यांची उष्णता पाण्यातून घरोघर जाते. एका नळाने गरम पाणी येतं, घर ऊबदार करून निवलेलं पाणी दुसऱ्याने परत तापायला जातं. आपल्या दमट हवेत घरं तापवायची गरजच कुठे? मेसेज पुढे पाठवू नका, ही कळकळीची विनंती.