माझे बल्ब मला परत द्या

काल रात्री एका बाइकवाल्यानं मला भर रस्त्यात थांबवून शिव्या घातल्या. त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही घातल्या असत्या. माझं डोकं फिरलंय ते न विचारता माझ्या गाडीच्या दिव्यांत एलईडी खोचणाऱ्या त्या ॲक्सेसरीजच्या दुकानदारावर, आणि अजून ताळ्यावर आलेलं नाही.

दुसरी पाळी सुटून नवी मुंबईतल्या महापेहून निघालो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. गेटबाहेर दिवे लावले आणि पोटात गोळाच आला. समोर पांढराफटक, निळसर उजेड. हे माझे दिवे नव्हेत! माझे साधे हॅलोजन, ६०/५५ वॅटचे एच-फोर (एकाच बल्बमध्ये हायबीम ६०, लोबीम ५५), दोन महिने खपून बसवलेले. सकाळी गाडी हॉर्नसाठी दिली होती. फक्त हॉर्न. पण रात्रीच्या त्या वेळी करणार काय? दुसरे बल्ब जवळ नाहीत आणि घरी तर जायचंय. दिव्यांचा उजेड खाली करायचं लेव्हलिंगचं चाक शून्यावरून तीनवर नेलं आणि डाव्या लेनमधून चाळीसनं निघालो. काही उपयोग नाही. उजेडाला वरची कडच नाही, नुसता सगळीकडे पसरलेला, तर तो खाली येणार कुठून? रबाळ्यापासून समोरचे डिपर मारायला लागले. दिघ्याला पुढच्या रिक्षावाल्यानं हात बाहेर काढून खाली कर, खाली कर अशी खूण केली. विटावा गेलं, कळवा गेलं, मी मान खाली घालून चालवतोय आणि येईल तो मला झापतोय.

वाघबीळला आतल्या रस्त्याला वळलो तेव्हा समोरून ती बाइक आली. टाकीवर तीन-चार वर्षांचं पोरगं, मागे बायको. पोरानं दोन्ही हातांनी डोळे झाकलेले मला स्पष्ट दिसले, कारण माझ्याच दिव्यांनी ते धुऊन काढल्यासारखे उजळले होते. बाइक डगमगली, कडेच्या चिखलात उतरली, त्यानं पाय टेकवून कशीबशी सावरली. मी दिवे बंद करून धावत गेलो.

"काका, दिसतं का तुम्हाला? लहान पोर आहे पुढं! कशाला लावता असले दिवे?"

काय सांगू त्याला? की मी नाही लावले? की असले दिवे लावणाऱ्यांना गेली दहा वर्षं मीच शिव्या घालत आलोय? सॉरी म्हटलं, दोनदा म्हटलं. पोरगं रडत होतं. पुढचं अंतर पार्किंग लाइटवर, चालत्या माणसाच्या वेगानं काटलं.

आज सकाळी शटर उघडायच्या आत दुकानासमोर उभा. मालक आला, म्हणाला, "अहो साहेब, तुमचे पिवळे पडले होते. पोरानं चांगलं करून दिलं. बिलात आहे बघा." बिलात होतं. खालच्या कोपऱ्यात, 'एलईडी फिटिंग १८००'. काल पाळीची घाई होती, यूपीआयनं पैसे टाकले आणि बिल डॅशबोर्डवर फेकलं. ती चूक माझी. पण न विचारता माझ्या गाडीचं बॉनेट उघडून चांगले चालू बल्ब काढायचा हक्क कुणी दिला याला?

"माझे बल्ब कुठायत?"

"ते कशाला पाहिजेत आता? भंगारात असतील."

भंगाराचा डबा मी स्वतः उपसला. एक सापडला. क्वार्ट्झच्या काचेवर ग्रीसचा अख्खा अंगठा उमटलेला. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नसतं, तिथं तापून ती फुटते, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. दुसरा बल्ब नाहीच. मग मागचं झाकण बघितलं आणि माझा उरलासुरला तोल गेला. एलईडीला थंड ठेवणाऱ्या पंख्याला जागा व्हावी म्हणून दिव्यामागचं रबरी बूट ब्लेडनं कापलेलं. दोन्ही बाजूंचं! नवी कोरी असेंब्ली, म्हणजे अख्खा दिवाच नवा, आणि आता ठाण्याच्या पावसात पाणी थेट रिफ्लेक्टरवर. मालक म्हणतो, "टेप मारून देतो ना."

टेप! चार हजार सहाशेची जोडी घेतली होती मी.

ही गाडी २००९ ची. जुन्या दिव्यांची प्लास्टिकची काच उन्हानं पिवळी पडलेली, आतून धुरकट. जो भेटेल तो टूथपेस्ट घासायला सांगायचा. घासली. पॉलिशवाल्याकडून हजार आणि दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून घेतली, तो वर संरक्षणाचा थर द्यायला विसरला, चार महिन्यांत पुन्हा तेच. शेवटी नवीन असेंब्ली घ्यायच्या ठरवल्या. पहिल्या दुकानात जे दाखवलं त्याचा उजेड उजवीकडे वर चढणारा! म्हणजे उजव्या बाजूनं गाड्या चालतात त्या देशांचा माल. आपल्याकडे उजेड डावीकडे वर जायला हवा, फुटपाथकडे, समोरच्याच्या तोंडावर नव्हे. दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, "दिवा तो दिवा." तिसऱ्या दुकानात बरोबर माल मिळाला.

मग वायरिंग. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला, बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या मागे ११.९. पंधरा वर्षांच्या जुन्या वायरीत आणि स्विचच्या घासलेल्या टोकांत जवळजवळ दोन व्होल्ट गळत होते. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी पडलं की उजेड तीस टक्के जातो. म्हणजे गाडीत मुळात चांगले दिवे होते, त्यांच्यापर्यंत वीजच पोचत नव्हती. दोन रिले (दिव्यांना थेट बॅटरीतून वीज देणारे स्विच), जाड वायर, फ्यूज, नऊशे रुपयांत काम झालं. बल्ब तेच ६०/५५. नंतर मोजले तर १३.५. कायद्यात बसणारा, कुणाच्या डोळ्यांत न जाणारा इतका साधा इलाज आहे, आणि घोडबंदर रोडवरच्या एका दुकानदारानं तो मला सुचवला नाही. सगळ्यांचं एकच पालुपद, एलईडी टाका. एकानं तर शंभर-नव्वद वॅटचे बल्ब काढून दाखवले. २०१२ साली ते मी लावले होते, तेव्हाच्या गाडीत. होल्डर वितळला आणि रिफ्लेक्टरचा मुलामा करपला. तेव्हा मला अक्कल नव्हती. यांना मात्र आजही तेच विकायचंय.

सगळं बसल्यावर रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर दिवे सेट केले, कारण ठाण्यात तीन गॅरेजांत विचारलं, कुणाकडे अलाइनमेंटचं यंत्र चालू नव्हतं. टायरमध्ये हवा बरोबर केली, बायकोला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी केली. दिव्याचा मध्य जमिनीपासून ६४ सेंटिमीटर. भिंतीवर तेवढ्या उंचीवर मास्किंग टेपची एक पट्टी, तिच्याखाली साडेसात सेंटिमीटरवर दुसरी. दिव्यामागचे दोन स्क्रू, एक वर-खाली, एक डावी-उजवी. एकेक आटा फिरवत उजेडाची कड खालच्या पट्टीवर आणून बसवली. पाऊण तास गेला. वॉचमन काकांनी टेप धरली.

मग नियमातली चाचणी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १०६. दिव्यापासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. वॅट नाही, रंग नाही, ब्रँड नाही. समोर उभ्या माणसाचे डोळे, एवढंच मोजमाप. दीड मीटरला मला जरा वाकावं लागतं. वाकून बघितलं. वॉचमन काकांना उभं केलं, ते म्हणाले, "दिवा दिसतोय, पण टोचत नाही." इतका आनंद मला गाडी घेतली त्या दिवशी झाला नव्हता.

आणि त्या सगळ्यावर एका पोरानं दहा मिनिटांत ब्लेड फिरवलं.

एच-फोरमध्ये लोबीमच्या तारेखाली ती एवढीशी धातूची वाटी असते. ती वाटी उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच अर्ध्या भागावर जाऊ देते, म्हणून कड तयार होते. तार एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी सगळं गणित बिघडतं. त्या जागी हा जाडजूड पाटा, दोन्ही अंगांना चिप लावलेला, खोचून ठेवायचा आणि वर म्हणायचं साहेब, दोनशे वॅट. कसले दोनशे? दोन्ही मिळून खरंच चारशे वॅट ओढले असते तर तीस अँपिअरच्या आसपास गेलं असतं आणि माझे फ्यूज तिथल्या तिथे उडाले असते. खोक्यावर छापलेला आकडा धडधडीत खोटा आहे आणि हा माणूस तो ग्राहकाला तोंडावर वाचून दाखवतो.

जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणारे मान्यताप्राप्त एलईडी मिळतात, पण गाड्यांची यादी ठरलेली असते. प्रत्येक मॉडेलच्या दिव्यात तपासून यादीत घालतात. गाडी यादीत नसेल तर रस्त्यावर चालत नाही. इथं दुकानदाराची जीभ हीच यादी. कायदा आहे हो आपल्याकडेही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कलम १८२अ आलं, गाडीच्या मालकानं बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. मालकाला! ज्यानं बसवलं त्याचा गल्ला संध्याकाळी भरलेलाच. दुकानदारानं आज मला काय ऐकवलं? "पोलीस पकडत नाहीत, टेन्शन घेऊ नका." मला पोलिसाचं टेन्शन आहे असं वाटतं त्याला. बाइकवरच्या त्या पोराचं तोंड त्यानं बघितलं नाही.

आणि नियम पाळणाऱ्याकडून वसूल करायला सगळे पुढे. २०२४ ला गाडीला पंधरा वर्षं झाली, रीतसर पाच हजार भरून पुन्हा नोंदणी केली. पासिंगला दिवे लागतात का एवढं बघितलं, पडतात कुठं ते कुणी बघितलं नाही. मग सक्तीची नवी नंबरप्लेट, ७४५ अधिक जीएसटी, तीही भरली, पहिल्याच मुदतीच्या आत, आणि नंतर मुदत वाढत गेली, वाढतच गेली. मेहुणा म्हणतो, भाऊजी, विकून टाका ना ती गाडी. का विकू? इंजिन ठणठणीत आहे. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत फक्त.

नवी मुंबईच्या पामबीच रोडवर रात्री जाऊन बघा. एवढा सरळ, एवढा उजेडाचा रस्ता, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या गाडीचा हायबीम आरशात. समोरचा आला की दिवा खाली करायचा, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. हल्ली डिपर मारला तर उलट आपल्यालाच चारी दिव्यांची सलामी देतात. दुचाकीवाल्यांनी हँडलला चौकोनी दिवे लावलेत, ते तर थेट झाडांच्या शेंड्यांवर. नव्या दुचाकीचा दिवा २०१७ पासून दिवसाही चालू राहतोच, आणखी दोन कशाला? आणि बंपरला लाल-निळ्या लुकलुकत्या पट्ट्या! रुग्णवाहिका समजून मी दोनदा बाजूला झालोय. घोडबंदरला मेट्रोचे पत्रे, रंग उडालेले गतिरोधक, गायमुखला खड्डे, त्यात समोरचा डोळ्यांत टॉर्च मारून जाणार. ओल्या डांबरावर तो पांढरा उजेड नुसता चकाकतो, खड्डा कुठे आणि पाणी कुठे काही कळत नाही. काल मीही तसाच आलो, मलाही काही दिसलं नाही. म्हणजे ज्यानं लावलेत त्यालाही दिसत नाही आणि समोरच्यालाही दिसत नाही. मग हे लावतात कशासाठी?

पैसे परत मागितले. मालक म्हणाला, एलईडी काढून द्या, हजार देतो. माझा हात बॉनेटकडे गेलासुद्धा होता. मग मागच्या बाकावर एक गृहस्थ चावी हातात घेऊन बसलेले दिसले, त्यांची गाडीही माझ्यासारखीच जुनी. मी दिलेली जोडी संध्याकाळपर्यंत त्यांच्याच दिव्यात बसली असती. नको तुझे हजार, म्हटलं. घरी येऊन काढले आणि पार्किंगमध्ये हातोडीनं दोन्ही फोडले. बायको गॅलरीतून बघत होती, काही बोलली नाही.

दुपारी नवे एच-फोर आणले, जोडी सहाशेला. रबरी बूट कुठंच मिळालं नाही, तोवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधलाय. बल्ब बसवताना काचेला बोट लागू दिलं नाही. भिंतीवरच्या दोन्ही पट्ट्या अजून जागेवर आहेत. वॉचमन काकांना सांगून ठेवलंय, साडेबाराला पाळीवरून येतोय, टेप धरायला या.